सार्वजनिक काकांचं वकीलपत्र

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला कोर्टातले गमतीदार किस्से लिहायला सांगितले होते. चाळीस वर्षांच्या वकिलीत किस्से पुष्कळ जमतात, पण ते बहुतेक पक्षकारांचे असतात आणि ज्याची गंमत झालेली असते त्याला ती गंमत वाटत नाही. म्हणून ते राहू देतो. त्याऐवजी एका जुन्या वकिलाबद्दल लिहितो. त्याला जाऊन आता एकशे पंचेचाळीस वर्षं झाली.

गणेश वासुदेव जोशी हे त्यांचं नाव. पुण्यात त्यांना सगळे सार्वजनिक काका म्हणत. आपण जुन्या अकरावीच्या शेवटच्या तुकडीतले, १९७५चे. आपल्याला शाळेत ते भेटले ते एका ओळीपुरते: पुणे सार्वजनिक सभा, स्थापना १८७०. इतिहासाच्या बाईंनी ती ओळ पाठ करून घेतली आणि परीक्षेत जोड्या लावायला ती आलीही. तो माणूस वकील होता हे मला पुढे स्वतःला सनद मिळाल्यावर कळलं, आणि त्याने काय केलं हे समजायला आणखी काही वर्षं गेली. का गेली, तेही सांगणार आहे.

काकांचा जन्म १८२८चा, सातारचा. सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तेव्हा ते विशीत होते. त्याच सुमारास ते पुण्याला आले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं, तेव्हा काका तिशीला टेकले होते. त्यामुळे पदवी वगैरे प्रकार त्यांच्या वाट्याला आला नाही. सरकारी परीक्षा देऊन ते वकील झाले. आपल्यातल्या ज्यांची मुलं किंवा नातवंडं नामांकित लॉ कॉलेजात आहेत त्यांनी हे वाक्य जरा जपून वाचावं.

सभेची सुरुवात पर्वतीच्या देवस्थानापासून झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल पुण्यातल्या लोकांच्या तक्रारी होत्या. त्या सरकारपुढे मांडायच्या, तर मांडणार कोण? चारदोन प्रतिष्ठित मंडळी गेली की साहेब पहिला प्रश्न हाच विचारणार, तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? ह्या प्रश्नाला राजकारणी माणसाने मोठ्या भाषणाने उत्तर दिलं असतं. इथे उत्तर वकिलाचं निघालं. सभेचा सभासद व्हायचं असेल, तर किमान पन्नास सज्ञान माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणायचं, असा नियम झाला. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली, तेव्हा ९५ सभासद होते आणि त्यांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रं होती. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, पुढल्या वर्षी न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्याला आले आणि सभेला मोठं डोकं मिळालं. पण सभेचे हातपाय काकांचे होते.

मला ह्या मुखत्यारपत्राचं फार कौतुक वाटतं. मतदान नाही, निवडणूक नाही, कायदेमंडळात आपला म्हणून निवडून दिलेला एक माणूस नाही, अशा काळात कोर्टात रोज हाताळला जाणारा एक साधा कागद ह्या माणसांनी सार्वजनिक कामात आणला. दुसऱ्याच्या वतीने बोलायचं तर आधी त्याची सही घ्या, ही वकिलीतली पहिली शिस्त. समाजसेवेच्या नावाखाली पुष्कळ लोक दुसऱ्यांच्या वतीने बोलत असतात. त्यांच्याकडे असा कागद मागितला तर निम्मी व्यासपीठं रिकामी होतील. असो.

स्वदेशीची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. जानेवारी १८७२मध्ये काकांनी देशी कापडच वापरायची शपथ घेतली आणि ती पाळली. १ जानेवारी १८७७ला दिल्लीला लॉर्ड लिटनचा दरबार भरला. राजेरजवाडे जडजवाहीर घालून आले होते, आणि सभेचे प्रतिनिधी म्हणून काका पांढऱ्या जाड्याभरड्या खादीत गेले. हिंदी लोकांना इंग्रज प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, अशी मागणी सभेने त्या वेळी केली. घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्रीविचारवती सभा काढली होती. ह्या बाईंबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, माझ्याहून जाणत्या कुणी तरी.

आता दुष्काळ आणि लवाद कोर्ट. १८७६ ते ७८च्या दुष्काळात सभेने गावोगाव माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली, छापली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी सरकारने कमी केली, तेव्हा सभा त्या मजुरांच्या बाजूने उभी राहिली. ह्याच काळात सभेने लवाद कोर्टं चालवली. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेला मध्यस्थ. त्याच्यापुढे भांडण मांडायचं आणि तो देईल तो निकाल मानायचा. सरकारी कोर्टात जायचं तर स्टँप, वकिलाची फी, साक्षीदारांचे हेलपाटे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्यामागे कर्जाइतकाच ह्या कोर्टांचाही जाच होता. एकतर्फी हुकूमनामे होत आणि जमीन जाई. ह्यावर उपाय म्हणून काकांनी आणि रानड्यांनी लवाद कोर्टाचा आग्रह धरला. माझ्या दृष्टीने ह्यात खास बाब अशी, की हे करणारा माणूस स्वतः वकील होता. कोर्टात भांडणं कमी झाली तर कोणाचं नुकसान होणार होतं, ते सांगायला नको.

आता १८७९.

त्या वर्षी पुण्यात राहणं किती अवघड झालं होतं, ते आज कळणार नाही. वासुदेव बळवंत फडके लष्करी हिशेब खात्यातले कारकून. सभेत रानड्यांची व्याख्यानं ऐकणारे, देशी मालाच्या चळवळीने भारलेले. पण अर्ज आणि विनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. दुष्काळ पाहून उडाला. फेब्रुवारीत त्यांनी रामोशी साथीदारांसह धामारीवर पहिला दरोडा घातला, आणि इंग्रजी राज्य उलथण्यासाठी पैसा उभा करायचा हा त्यांचा हेतू त्यांनी लपवून ठेवला नाही. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा जळाला, विश्रामबाग वाड्याला आग लागली. आगी लावणारा सरकारी पुस्तक डेपोतला एक नोकर निघाला, पण तोवर संशय फडक्यांवर, त्यांच्यामागून सभेवर आणि साऱ्या शिकल्यासवरल्या पुणेकरांवर गेला होता. त्याच महिन्यात रानड्यांची बदली धुळ्याला झाली. तिथे त्यांची पत्रं कशी फोडली जात, ते रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं. न्यायाधीशाची ही गत, तर साध्या वकिलाची काय असेल?

जुलैमध्ये मेजर डॅनियलने फडक्यांना देवर नावदगी इथे पकडलं आणि पुण्याला आणलं. संगमाजवळ आज सीआयडीचं कार्यालय आहे, तिथे त्यांना ठेवलेली कोठडी जपून ठेवलेली आहे. पुण्याला जाल तेव्हा पाहून या. आत उभं राहिलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप. पुरावा म्हणजे खुद्द आरोपीची रोजनिशी आणि आत्मवृत्त, त्याच्याच हातचं. कोणत्याही वकिलाला विचारा, असला खटला म्हणजे काय असतं. जिंकायची आशा नाही. फी मिळायचा प्रश्न नाही. आणि आरोपीची बाजू मांडणारा तोही त्यातलाच, असं म्हणायला बोटं तयार.

हे वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं, फीशिवाय. त्यांच्या जोडीला महादेव चिमणाजी आपटे होते, ज्यांनी पुढे आनंदाश्रम संस्था काढली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण फडक्यांची आणि काकांची नावं हल्ली एका दमात घेतली जातात आणि त्यात ती हरवते. काकांचा मार्ग फडक्यांच्या मार्गाच्या अगदी उलटा होता. काकांनी नऊ वर्षं खपून जी संस्था उभी केली तिचा सगळा आधार कायदा हा होता: अर्ज, सह्या, अहवाल, मुखत्यारपत्रं. फडक्यांनी हाती शस्त्र घेतलं म्हणजे ह्या सगळ्यावर काट मारली. शिवाय फडक्यांमुळे सभा संशयात आली होती. व्यवहारी माणसाने अशा वेळी सभेच्या हिताचं कारण पुढे करून घरी बसायचं. कारण खोटंही नव्हतं. सभा बुडाली असती तर दुष्काळातल्या लोकांच्या बाजूने लिहिणारं कोण उरलं असतं?

काकांनी काय विचार केला ते मला माहीत नाही. मला एवढं दिसतं, की ज्याचा मार्ग आपल्याला पटत नाही त्याच्याही शेजारी वकील म्हणून उभं राहता येतं, आणि त्यासाठी त्याच्या मताचं व्हावं लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वकीलपत्र म्हणजे आरोपीच्या कृत्यावरची सही नव्हे.

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे पुस्तकात वाचलेलं होतं. वकिलाने खास कारण असल्याशिवाय वकीलपत्र नाकारू नये आणि गरजूला पैशावाचून अडवू नये, हे बार कौन्सिलचे नियम परीक्षेला होते आणि मला त्यात बरे गुण होते. सनद मिळून दोन वर्षं झाली होती. तालुक्याच्या ठिकाणी एका सीनिअरांच्या हाताखाली होतो. तिथे एक गुन्हा घडला. तो काय होता ते लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून आहेत. सगळं गाव पेटलं होतं आणि ते समजण्यासारखं होतं. बार रूममध्ये ठरलं, की आरोपीचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. ठराव लिहिला गेला नाही, पण चहा पिता पिता सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दोन दिवसांनी त्या पोराची आई ऑफिसात आली. सीनिअर बाहेरगावी होते. तिच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत पोराचे शाळेचे दाखले. तो सज्ञान झालेला नाही, असं तिचं म्हणणं होतं. तो मुद्दा साधा नव्हता, त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. मी दाखले हातातसुद्धा घेतले नाहीत. साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. यथावकाश कोर्टाने जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील त्याला दिला. निकाल काय लागला हे कळणं काही कठीण नव्हतं, खटला त्याच इमारतीत चालला. पण मी विचारलं नाही, आणि इतकी वर्षं न विचारण्याची काळजी घेतली.

वकिलांच्या संघटनांचे असले ठराव बेकायदेशीर आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१०मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तो निकाल मी वाचला तेव्हा पिशवी आठवली. त्यानंतर काही दिवसांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात सार्वजनिक काकांबद्दलचं एक लहानसं पुस्तक हाती लागलं आणि शाळेतली ती एक ओळ आठवली. शाळेने मला काय दिलं, ह्यावर स्मरणिकेत लिहायची प्रथा आहे. मला शाळेने एक ओळ दिली. ती उघडून पाहायला मी पस्तीस वर्षं लावली, ही चूक शाळेची नाही.

खटला काका हरले. नोव्हेंबर १८७९मध्ये फडक्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. उच्च न्यायालयातलं अपीलही फेटाळलं गेलं. फडक्यांना एडनला नेलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या तुरुंगातच ते गेले. पण त्याआधीच, खटल्याला वर्ष व्हायच्या आत, २५ जुलै १८८० रोजी काका वारले होते. वय बावन्न.

त्याच १८७९ साली पुण्यात एक तरुण कायद्याचा अभ्यास करत होता आणि वर्षअखेरीस एलएल.बी. झाला: बाळ गंगाधर टिळक. पदवी हातात आली तरी सरकारी नोकरी करायची नाही, असं आगरकरांबरोबर त्याचं ठरलं होतं, आणि जानेवारी १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. काकांचा खटला पाहून त्याने हे केलं, असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि मी म्हणणारही नाही. पण कायद्याचा विद्यार्थी ज्या गावात शिकतो त्या गावातले वकील त्या वर्षी काय करत आहेत, हे तो पाहत असतोच. पुस्तकांपेक्षा जास्त पाहतो.

म्हणून ही गोष्ट मी गेली काही वर्षं लॉ कॉलेजच्या मुलांना सांगतो. वकिली बंद केल्यापासून मी एका कॉलेजच्या विधी सेवा केंद्रात जातो. बिनपगारी; घरच्यांच्या मते बिनकामाचं. आता कायद्याने पुष्कळ सोय केलेली आहे. घटनेत १९७६मध्ये ३९-अ कलम आलं, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग आणि कोठडीतले लोक ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लॉ कॉलेजला असं केंद्र चालवावं लागतं. पण केंद्र म्हणजे बऱ्याच ठिकाणी काय, तर वर्षातून एकदा खेड्यात साक्षरता शिबिर, मागे बॅनर, पुढे फोटो आणि प्रॅक्टिकलच्या फाइलला दहा पानं. मुलांना दोष देत नाही. त्यांना मूट कोर्टाचं बक्षीस आणि मुंबईच्या मोठ्या फर्ममधली इंटर्नशिप हवी असते, कारण बायोडेटात त्याला किंमत आहे. जेलमधल्या माणसाचा अर्ज लिहून दिल्याला नाही.

मी शनिवारी चार-पाच जणांना घेऊन, रीतसर परवानगी काढून, जिल्हा कारागृहात जातो. पहिल्या खेपेला मुलं भाषणाची तयारी करून येतात. तिथे भाषण कोणाला नको असतं. पुढची तारीख कोणती, हे कच्च्या कैद्याला हवं असतं. एका शनिवारी एका मुलीच्या लक्षात आलं, की समोरच्या माणसाला जामीन मंजूर होऊन चार महिने झालेत आणि तो आतच आहे, कारण तेवढ्या रकमेचा जामीनदार त्याला मिळत नाही. त्याला जामीन झालाय हेच त्याला धड माहीत नव्हतं. तिने रक्कम कमी करण्यासाठीचा अर्ज हाताने लिहिला, तीनदा खोडून. प्राधिकरणाच्या वकिलांनी तो दिला, रक्कम कमी झाली, माणूस बाहेर आला. दहा ओळींचा अर्ज. तिच्या फाइलमध्ये तो नाही, कारण फाइलच्या नमुन्यात त्याला रकानाच नव्हता.

आपल्यापैकी तिघांच्या नाती-नातू कायद्याला आहेत, हे मेळाव्याच्या बैठकीत कळलं. पुढे काय करावं, असं त्यांच्या आजोबांनी मला विचारलं होतं आणि मी मोघम काही तरी बोललो. खरं उत्तर हा लेख आहे. पैसा मिळवू नका असं मी सांगणार नाही, मी मिळवला. काकांचीही वकिली चालत होती, म्हणून तर फी न घेता उभं राहणं त्यांना परवडलं. पण आधी पैसा, नाव, घर, आणि मग साठीनंतर सेवा, हा जो क्रम मी लावला तो लावू नका. पिशवी घेऊन आलेली बाई आपल्या साठीपर्यंत थांबत नाही.

मागच्या शनिवारी गाडीत मी मुलांना फडक्यांच्या खटल्याची गोष्ट सांगत होतो. एका नवीन आलेल्या मुलाने मध्येच विचारलं, की सर, मग ते हरलेच ना? हरले, मी म्हटलं, खाली पण आणि अपिलात पण. त्याने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग विचारलं, की आत गेल्यावर नाव आधी विचारायचं की केस नंबर. नाव, मी सांगितलं. तोवर फाटक आलं होतं.